उजव्या रकान्यातलं जेवण

बातमीत सर्वांत महत्त्वाचं आधी सांगायचं असतं. माझी आई हृदयविकारानं गेली, बासष्टाव्या वर्षी, दुपारी, स्वयंपाकघरात. घरात हृदयरोगी म्हणून नोंद होती ती माझ्या वडिलांची. ते हयात आहेत आणि त्यांचा रक्ताचा अहवाल चांगला आहे. बाकीचा तपशील आहे.

आबा, म्हणजे वडील, उद्यमनगरात लेथवर होते. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही आमच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार मटणाचे होते. उरलेले चार दिवस आबा या तीन दिवसांविषयी बोलत. संध्याकाळी ते कट्ट्यावर जाऊन म्हशीच्या धारेचं दूध पीत. तिथंच एका संध्याकाळी त्यांना झटका आला. पाहणाऱ्यांनी सांगितलं, की आधी त्यांनी पेला संपवला, तो परत दिला आणि मग छाती धरून खाली बसले. हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, बसवल्या. घरी सोडताना दवाखान्यानं पथ्याचा एक झेरॉक्स कागद दिला.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. आठवड्यातून एकदा निघणारी आरोग्याची पुरवणी तेव्हाही माझ्याकडे होती. दवाखान्याचा कागद मला अपुरा वाटला. पुरवणीची जुनी कात्रणं काढून मी स्वतःचा तक्ता तयार केला. दोन रकाने. डाव्या रकान्यावर ‘चालेल’, उजव्यावर ‘बंद’. उजव्या रकान्यात अंड्याचा बलक, मटण, कोंबडीची कातडी, कलेजी, वजडी, भेजा, साय, लोणी, तूप. मथळ्यांना वापरतो त्याच टाइपात छापून तो मी फ्रिजच्या दारावर लावला. मटणाला महिन्यातून एकदा सूट दिली, तीही चरबी काढून.

त्यामागचं तर्कशास्त्र सोपं होतं. खाण्यातलं कोलेस्टेरॉल रक्तात जातं, रक्तातलं रक्तवाहिनीत साचतं, साचलं की माणूस जातो. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा छापलं होतं, की ते पुरतं खरं आहे का हे तपासायची गरज उरली नव्हती. तुंबलेल्या गटारीसारखी रक्तवाहिनी, असं एक चित्रही आमच्या चित्रकारानं काढून ठेवलं होतं. ते आम्ही दर वर्षी वापरायचो.

तक्त्याची अंमलबजावणी मी केली. आबा बाहेरून आले की मी त्यांच्या हाताचा वास घेत असे. गडमुडशिंगीला त्यांच्या चुलतभावाच्या नातवाचं जावळ होतं. जावळाला मटण असतंच. पंगतीत आबांच्या पुढ्यात तांबड्या रश्शाची वाटी आली आणि मी मागून जाऊन ती उचलली. पंगतीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, “पावणं, पोरीनं वाटी न्हेली. आता इजार तरी संभाळा.” अख्खी पंगत हसली. आबा मान वर न करता कोरडा भात जेवले.  त्यांनी पथ्य पाळलं, एवढीच नोंद मी घेतली.

सकाळी त्यांना चार उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग मिळे. पहिल्या दिवशी आबांनी ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “ही कोंबडीनं घातल्याली न्हाईत. कुंभारानं घडवल्यात.” मी अंडी चिरून चारही बलक वेगळ्या बशीत काढले होते. बशी कचऱ्याच्या डब्याकडे नेली तर आईनं माझं मनगट धरलं.

“टाकतीस व्हय? जीव असतोय त्यात.”

“मग काय करायचं?”

“मी खातो की,” आई म्हणाली.

आई मलकापूरकडची. तिचं माहेर माळकरी. लग्न होईपर्यंत तिच्या घरात अंडं आलं नव्हतं. आबांच्या घरी येऊन ती मटण शिजवायला शिकली, नंतर रस्सा खायला शिकली. बलक तिला कधीच आवडला नाही. तो नरड्याला बसतो, म्हणून ती प्रत्येक घासावर पाणी पीत असे. हे मला माहीत होतं.

बलकामागोमाग आबांच्या दुधावरची साय तिच्याकडे गेली. मग कोंबडीची कातडी गेली. मग महिन्यातून एकदा आणलेल्या मटणातून मी कापून काढलेली चरबी. ती चरबी ती कढईत तळून भाकरीबरोबर खाई. आठवड्याभरात तक्त्याचा उजवा रकाना हा आईचा आहार झाला. तसं कुणी ठरवलं नव्हतं. अन्न टाकायचं नाही हा नियम आमच्या घरात माझ्या तक्त्यापेक्षा जुना होता, आणि नको असलेलं सगळं संपवणं हे तिचं काम त्याहून जुनं होतं.

आबांनी त्यात एक भर घातली. त्यांनी तिला समोर बसून खायला लावलं.

“हितं बस. माझ्या म्होरं. हां. आता खा.”

ती बलकाचा तुकडा तोंडात टाकायची.

“कसं लागतंय?”

“बरं लागतंय.”

“बरं म्हंजे? नीट सांग की. ओलं हाय का सुकं?”

“सुकं हाय.”

“चटणी लाव. जरा जास्त लाव. आता?”

“आता बरं हाय.”

ती गिळेपर्यंत ते तिच्या गळ्याकडे पाहत राहायचे. मग म्हणायचे, “मज्जा हाय बाई तुझी. आमच्या जिवावर.” रोज सकाळी, चार बलक. मी त्याच टेबलावर चहा पीत इतर दैनिकं चाळत असे. त्या प्रकाराला मी हरकत घेतली नाही. बघण्यात कोलेस्टेरॉल नसतं.

दर तीन महिन्यांनी लॅबचा माणूस आबांचं रक्त न्यायला घरी येई. आई त्याला चहा देई. तिसऱ्या वर्षी एकदा रक्त काढून झाल्यावर तो म्हणाला, “काकू, तुमचंबी काढू काय? सुई हाय, ट्यूब हाय.”

आई हसली. “मला काय धाड भरलीया? आमच्या म्हायेरात कुणी अंडं बघितलं न्हाई.”

आबा म्हणाले, “तिचं रगत काढाय जाशील तर कांदा-लसूण चटणी निघंल.”

सगळे हसले. मीही हसले. मग मी त्याला म्हणाले, “नको. तिला काही गरज नाही.” हे शब्द माझे आहेत. जसेच्या तसे देते.

इथं दोन मृत्यू नोंदवायला हवेत. आईचे वडील चाळिशीत शेताच्या बांधावर बसले आणि उठले नाहीत. आईचा थोरला भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुकानात गिऱ्हाईकाशी बोलता बोलता गेला. दोघंही माळकरी. घरात त्याला ‘कळ येऊन गेला’ म्हणत आणि तिथं थांबत. मांस-मच्छी न खाणाऱ्या माणसाला हृदयाचं दुखणं असू शकतं, ही शंका कुणाला आली नाही. मलाही नाही, जरी दोन्ही घटना मला तारखांसह माहीत होत्या. मामाच्या तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाहून परतताना, आबा आईला म्हणाले होते, “जलमभर भाजी-भाकरी खाल्ली तुझ्या भावानं. काय उपेग? माझ्या बानं नव्वदीपतूर मुंडी फोडली.” आईनं पदर तोंडाला लावला. आबांना आपलं म्हणणं बिनतोड वाटत होतं. ते बिनतोडच होतं. त्याचा अर्थ मात्र आम्ही कुणी लावला नाही.

आबांच्या डॉक्टरांनी त्यांच्या घराण्यात कुणाला हृदयविकार होता का, असं विचारलं होतं. नव्हता. आईच्या घराण्याविषयी कुणी विचारलं नाही, कारण हृदय तिचं नव्हतं.

तक्त्याला चौथं वर्ष सुरू असताना बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीकडून एक मजकूर आला. त्यात म्हटलं होतं, की बहुतेक माणसांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल त्यांचं यकृतच तयार करतं. ताटातल्या कोलेस्टेरॉलचा त्यावरचा परिणाम समजला जात होता त्यापेक्षा कमी असतो. बलकावरची जुनी बंधनं काही ठिकाणी सैल करण्यात आली आहेत. साय, तूप आणि चरबीविषयी मात्र काळजी कायम आहे. मी मजकूर लावला. मथळा दिला, ‘अंड्याचा बलक निर्दोष?’ प्रश्नचिन्ह माझं. जबाबदारी घ्यायची नसली की आम्ही ते वापरतो.

पान लावताना मजकूर जास्त झाला. खाली जाहिरात होती. बातमी कापायची ती खालून, हे पहिल्या महिन्यात शिकवलं जातं, कारण शेवटी बिनमहत्त्वाचं असतं. शेवटच्या परिच्छेदात असं होतं, की काही घराण्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, मग माणूस काहीही खावो. अशा घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेले असतात. अशा घरातल्या प्रत्येकानं रक्त तपासून घ्यावं. मी तो परिच्छेद वाचला, कारण कापण्याआधी वाचावं लागतं. आणि कापला.

पुरवणी निघाली त्या सकाळी आबा उठायच्या आत मी आमच्या घरच्या अंकातून ती काढून घेतली आणि पर्समध्ये घातली. कारण साधं होतं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुरुस्ती छापतात, आतल्या पानावर, तळाला, बारीक टाइपात. घरात मला तेवढीही छापायची नव्हती. गडमुडशिंगीची वाटी, हाताचा वास, चार वर्षं. ते सगळं त्या दुरुस्तीखाली आलं असतं.

याच सुमारास आई जिन्यावर मध्येच थांबू लागली होती. ‘गुडघं’ म्हणायची. मग तिचा डावा जबडा दुखू लागला. मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी किडलेली एक दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. दाढेची जखम ताजी आहे, भरायला वेळ लागेल, असं मी तिला सांगितलं. बलक ती आता उजवीकडून चावत असे. आबांनी त्यावर, “एका अंगानं खातीया म्हातारी, चव कशी कळणार?” असं म्हटल्याचं आठवतं.

पुरवणीनंतर पंधरवड्यानं आबा दाढी करायला सलूनमध्ये गेले. तिथं जुने अंक पडलेले असतात. ते परतले तेव्हा अर्ध्या गालाला साबण तसाच होता आणि हातात ते पान होतं. मी आणि आई टेबलावर होतो. त्यांनी पान माझ्या ताटावर ठेवलं.

“हे कुणी लिवलंय?”

“एजन्सीचं आहे.”

“पान तुझं हाय न्हवं? जगाला सांगतीस खावा, आणि बापाला पांढरी टोपणं?”

“तिथं प्रश्नचिन्ह आहे, आबा.”

“घाल चुलीत तुझं प्रश्नचिन्ह! चार वर्सं. चार वर्सं हिच्या तोंडाकडं बघत बसलो की गं मी. कुत्र्यागत.”

आई खाली बघून म्हणाली, “खावा की मग उद्यापास्नं. माझं तरी नरडं सुटंल.”

तक्रार म्हणावी असं तिचं हे एवढंच वाक्य. आबांनी तिच्याकडे पाहिलं. “म्हंजे? आवडत न्हवतं व्हय तुला?” ती माझ्या ताटावरचं पान उचलू लागली. “मग बरं लागतंय, बरं लागतंय म्हनून कशाला फशिवलंस मला?” ते तिच्यावर ओरडले, माझ्यावर ओरडले त्यापेक्षा मोठ्यानं. त्यांना वाटलं, चार वर्षं त्यांना चवही खोटीच मिळाली.

मी म्हणाले, “सध्या आहे तसं चालू दे. डॉक्टरांना विचारून ठरवू.” कधी विचारायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

त्यानंतर आई नऊ दिवस जगली. नवव्या दिवशी बुधवार होता. दुपारी तीनला मी ड्युटीवर निघाले तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून खाली बसली होती.

“पाठीत भरून आलंय गं. कुणी पाटा ठेवल्यागत.”

“पित्त आहे. थंड दूध घे.”

मीच फ्रिजमधून दूध काढून दिलं. ती प्यायली. तिच्या वरच्या ओठाला साय लागली होती. मी चपला घातल्या आणि गेले.

पुढचं आबांकडून मिळालेलं आहे. चारच्या सुमाराला ते चहा मागायला आत गेले. ती घामानं भिजली होती. “म्हटलं, उकडत असंल. फॅन लावला.” ती म्हणाली, हात जड झालाय. “म्हटलं, पड जरा.” जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, चार वर्षं तिथंच असते. ती त्यांना आठवली नाही का, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “ती माझी गोळी हाय. माझ्या दुखण्याची.” त्या गोळीनं ती वाचली असती असं नाही. गोळी खिशात होती, एवढंच.

दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता, ती घरातच गेली होती. मी ऑफिसातून पोचले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, “आधी काही त्रास? कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं?”

मी म्हणाले, “वडिलांचं तपासतो.”

“तुमच्या आईंचं विचारतोय,” ते म्हणाले.  मग त्यांनी तिच्या माहेराविषयी विचारलं. मी दोन मृत्यू सांगितले, वयांसह. त्यांनी लिहून घेतलं नाही. लिहून घ्यायचं कारण उरलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आबा सांगत, “पिवळं खाऊन खाऊन गेली. ह्या बाईनं घातलं तिला, रोज चार.” बोट माझ्याकडे. बायका माझ्याकडे पाहून मान फिरवत. मी खुलासा केला नाही. आधी खात्री करायची होती. तेराव्यानंतर मी आबांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले आणि प्रश्न लिहून नेला तसा विचारला: बलकामुळे गेली का?

ते म्हणाले, “चार वर्षांच्या बलकानं माणूस असा जात नाही. तुम्ही सांगताय त्यावरून हे तिच्या घराण्यातून आलेलं असणार. साय आणि चरबीनं भर घातली असेल. किती, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.”

“टाळता आलं असतं?”

“एक रक्ततपासणी आणि रोज एक गोळी. खात्री कुणी देत नसतं, पण वेळ मिळाला असता. बराच.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही तुमचं तपासलंय?”

म्हणजे बलक निर्दोष सुटला. प्रश्नचिन्हाशिवाय.

तीन महिने झाले तसा लॅबचा माणूस आला. दारातूनच म्हणाला, “काकू न्हाईत व्हय? चहाचा वास न्हाई.” त्याला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. तो आबांच्या दंडाला पट्टा बांधत खाली मान घालून बसला. आबांचं झाल्यावर मी बाही वर केली.

“तुमचं बी?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी दोन अहवाल आले. मर्यादेबाहेरचे आकडे लॅब ठळक टाइपात छापते. आबांच्या कागदावर ठळक काही नव्हतं. माझ्या कागदावर तीन ठळक ओळी होत्या, आणि सर्वांत वरची ओळ अशी होती, की मी छपाईची चूक समजून लॅबला फोन केला. चूक नव्हती. मी गेल्या वीस वर्षांत बलक खाल्लेला नाही. माझ्याच तक्त्याच्या डाव्या रकान्यावर मी जगत आले आहे.

आबांनी चष्मा लावून माझा कागद वाचला. बराच वेळ वाचला. “आयवर गेलीस,” ते म्हणाले. मग कागद परत करताना, “आता तुझा तक्ता कुणी लावायचा?”

फ्रिजवरचा तक्ता मी त्याच दिवशी काढला. सकाळी दोन अंडी उकडली, चिरली आणि बलकासकट आबांच्या ताटलीत ठेवली. डॉक्टरांची तेवढ्याला हरकत नव्हती. माझ्या पुढ्यात माझी गोळी होती. मी दैनिकं उघडली.

“बस हितं. म्होरं,” आबा म्हणाले. “पेपर ठेव.”

मी पेपर ठेवला. त्यांनी बलकाचा तुकडा तोंडात टाकला. चार वर्षांनंतरचा पहिला. ते चावत होते आणि माझ्याकडे पाहत होते.

“इचार की.”

“काय?”

“कसं लागतंय, म्हणून इचार.”

मी विचारलं.  त्यांचा घास खाली जात नव्हता. गळ्याची शीर वर आली होती. त्यांनी ताटलीकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला, पाणी, असं सांगायला, आणि हात तसाच राहिला. तिथून पाणी आणणारं कुणी नव्हतं. मी उठले नाही. घास गिळेपर्यंत मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिले.

“बरं लागतंय,” आबा म्हणाले.